एका अक्षराचा ‘ध’चा ‘मा’ : सिकलसेलच्या वाटेने उच्च जीवरसायनशास्त्राची ओळख



आजचा पाठ चौथी-पाचवीचा नाही, थेट विद्यापीठातला आहे. पण घाबरू नका. आपण प्राथमिकचे शिक्षक, अवघड गोष्ट सोपी करून सांगणं हेच आपलं रोजचं काम.

हा विषय निवडण्यामागे दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे, आपल्या हाताखालून गेलेली मुलं आता बारावी सायन्स, बी.एस्सी. करत आहेत आणि भेटली की विचारतात, “मॅडम, बायोकेमिस्ट्री घेऊ का? त्यात असतं काय?” पालकही विचारतात, “एम.एस्सी. करून पुढे काय?” दुसरं कारण जास्त जवळचं आहे. विदर्भात, नंदुरबार-धुळ्याकडे किंवा आदिवासी पट्ट्यात शिकवणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांच्या वर्गात सिकलसेलचं एखादं तरी मूल असतं किंवा होऊन गेलेलं असतं. ते मूल असं का दमतं, मध्येच का कण्हतं, याचं उत्तर याच विषयात दडलेलं आहे.

माझं शिक्षण डी.एड. माझ्या धाकट्या बहिणीने बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं, तेव्हा तिच्या वह्या, तिची जाडजूड पुस्तकं आणि रात्री जेवणानंतरच्या आमच्या गप्पा यांतून हा विषय माझ्यापर्यंत पोचला. तेच आज तुमच्यासमोर मांडते.

१. हा विषय नेमका काय?

बायोकेमिस्ट्री म्हणजे जीवरसायनशास्त्र. सजीवाच्या शरीरात कोणती रसायनं आहेत, ती एकमेकांशी काय करतात, याचा अभ्यास. भाकरी खाल्ली, तिची साखर झाली, साखरेतून ताकद मिळाली. हे आपण तिसरी-चौथीत एका वाक्यात सांगतो. विद्यापीठात या एका वाक्याची दहा-दहा पायऱ्यांची साखळी होते आणि प्रत्येक पायरीवर एक विकर, म्हणजे एन्झाइम, उभं असतं.

मॉलिक्युलर बायोलॉजी म्हणजे रेणवीय जीवशास्त्र. शरीर बनवायच्या सूचना कुठे लिहिलेल्या असतात, त्या कोण वाचतं, कोण उतरवून घेतं, चूक झाली तर कोण दुरुस्त करतं, याचा अभ्यास.

पहिला विषय कारखान्याचा, तर दुसरा कारखान्याच्या हिशेबवहीचा. वरच्या वर्गात दोन्ही एकत्र शिकवले जातात, कारण वहीत चूक झाली की माल बिघडतो. सिकलसेल हे त्याचं जगभर शिकवलं जाणारं उदाहरण आहे. म्हणून तोच धागा धरून पुढे जाऊ.

२. वहीतली चूक : ‘ध’चा ‘मा’

नारायणराव पेशव्यांची गोष्ट आपण सगळेच मुलांना सांगतो. ‘नारायणरावास धरावे’ असा हुकूम होता, त्यातल्या ‘ध’चा ‘मा’ झाला आणि ‘मारावे’ झालं, असं सांगितलं जातं. एक अक्षर बदललं आणि माणूस गेला.

आपल्या पेशीतली वही म्हणजे डीएनए. तिच्यात फक्त चार अक्षरं : ए, टी, जी, सी. माणसाच्या डीएनएच्या एका संचात अशी सुमारे ३०० कोटी अक्षरं असतात. ती तीन-तीनच्या गटाने वाचली जातात आणि प्रत्येक गट सांगतो की आता कोणतं अमिनो आम्ल जोडायचं. अमिनो आम्लं २० प्रकारची. ती मण्यांसारखी ओवली की प्रथिन तयार होतं.

रक्ताला लाल रंग देणारं हिमोग्लोबिन हे असंच एक प्रथिन. त्यात चार माळा असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. अल्फात १४१ मणी, बीटात १४६. बीटा माळेची सूचना ११ व्या गुणसूत्रावर लिहिलेली आहे. तिथे सहाव्या मण्यासाठी ‘जीएजी’ असं लिहिलेलं असतं. सिकलसेलमध्ये त्याचं ‘जीटीजी’ होतं. मधल्या ‘ए’चा ‘टी’. बस, एवढंच!

या एका अक्षरामुळे ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. ग्लुटामिक आम्लावर ऋण प्रभार असतो आणि ते पाण्यात रमतं. व्हॅलिन पाण्यापासून पळतं, तेलासारखं. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की हे व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिनच्या एका खाचेत जाऊन चिकटतं, त्याला तिसरं, तिसऱ्याला चौथं. त्यांचे लांबच लांब दोर बनतात आणि गोल, मऊ तांबडी पेशी आतून ताणली जाऊन विळ्यासारखी वाकडी होते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, म्हणून सिकलसेल.

वाकड्या, ताठ पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून हाडं-सांधे ठणकतात. चांगली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी, डोळे पिवळसर, सतत थकवा. आता मागच्या बाकावर मान टाकून बसलेलं मूल आठवा. ते ‘आळशी’ नाही. त्याच्या ३०० कोटी अक्षरांच्या वहीत एका अक्षराचा घोळ आहे.

३. हे शोधलं कसं? अभ्यासक्रम इथेच उलगडतो

विद्यापीठागणिक पेपरांची नावं आणि क्रम बदलतो, पण गाभा सगळीकडे सारखाच. सिकलसेलच्या शोधाचा इतिहास पाहिला तर जवळजवळ सगळा अभ्यासक्रम डोळ्यांपुढे येतो.

सूक्ष्मदर्शक आणि निरीक्षण. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी विळ्याच्या आकाराच्या पेशींचं पहिलं वर्णन प्रसिद्ध केलं. रुग्ण होता ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला एक तरुण. भारतात या पेशींची नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगराळ भागातल्या लोकांत झाली.

प्रथिनं वेगळी करणं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात सरकवून पाहिलं. याला इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. सिकलसेलचं हिमोग्लोबिन वेगळ्या वेगाने सरकलं, कारण त्याचा प्रभार वेगळा होता. एखादा आजार हा रेणूचा आजार असू शकतो, हे पहिल्यांदाच दाखवलं गेलं. आजही दवाखान्यातल्या इलेक्ट्रोफोरेसिसच्या तपासणीमागे हेच तत्त्व आहे. निरोगी व्यक्तीत नेहमीच्या हिमोग्लोबिनचा ठळक पट्टा, रुग्णात बदललेल्या हिमोग्लोबिनचा, आणि वाहकात दोन्ही.

प्रथिनांची रचना. १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इनग्राम यांनी ट्रिप्सिन नावाच्या विकराने हिमोग्लोबिनचे तुकडे केले आणि कागदावर पसरवले. दोन्ही नमुन्यांतले ठिपके जुळले, एकच जुळला नाही. त्याच तुकड्यात बदललेला मणी सापडला. हे वाचताना मला आपला ‘फरक ओळखा’चा खेळ आठवला. पद्धत तीच, फक्त चिकाटी फार मोठी.

जनुकशास्त्र आणि उत्क्रांती. इतकं त्रासदायक जनुक टिकलं कसं? १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी दाखवलं की ज्यांच्याकडे या जनुकाची एकच प्रत असते, त्यांना मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं. म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे हे जनुक जास्त आढळतं. पालकहो, हा मुद्दा गावात जरूर सांगा. हा कुणाच्या पापाचा, शापाचा किंवा ‘वाईट रक्ता’चा प्रश्न नाही. आदिवासी समाजांत प्रमाण जास्त आहे, पण फक्त त्यांच्यातच आहे असंही नाही.

जनुक तंत्रज्ञान. डीएनए ठरावीक अक्षरं दिसली की तिथेच कापणारी विकरं असतात. त्यातलं एक विकर ‘सीसीटीजीएजीजी’ हा क्रम ओळखतं. सिकलसेलमध्ये मधला ‘ए’ बदलल्याने हा क्रमच मोडतो आणि विकर तिथे कापत नाही. कापलं का नाही, यावरून निदान! पण त्यासाठी डीएनए पुरेसा हवा. ते काम पीसीआर करतं. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट. १ चे २, २ चे ४, ४ चे ८. अशा ३० फेऱ्या झाल्या की एका तुकड्याचे १०७ कोटींहून जास्त तुकडे होतात, निदान कागदावर तरी. करोनात ऐकलेली आरटी-पीसीआर ही त्याचीच बहीण. आणि गंमत बघा, पीसीआरचा उपयोग दाखवणारा १९८५ मधला पहिला शोधनिबंध सिकलसेलच्या निदानावरच होता.

जनुकांची बटणं. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात बीटा माळ नसते, गॅमा असते. जन्मानंतर गॅमाचं बटण हळूहळू बंद होतं आणि बीटाचं सुरू होतं. म्हणून सिकलसेलचं बाळ पहिले काही महिने ठीक वाटतं. हायड्रॉक्सियुरिया हे औषध बाळाच्या हिमोग्लोबिनचं प्रमाण वाढवायला मदत करतं. २०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत क्रिस्पर तंत्रावरच्या उपचाराला मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच मूलपेशी बाहेर काढून गॅमाचं बटण दाबून ठेवणारा अडसर कापतात. चुकलेलं अक्षर तसंच राहतं, पण जुनी चांगली माळ पुन्हा बनू लागते. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठरली. म्हणजे विज्ञान पोचलं, पण आपल्या वाडी-पाड्यापर्यंत नाही. ते स्वस्त करून इथे आणण्याचं काम कोण करणार? हाच विषय शिकणारी आपली मुलंच ना!

४. विद्यार्थ्याला जड काय जातं?

* भाषा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिलं वर्ष इंग्रजीच दमवते. लेहनिंजरचं पुस्तक हजारावर पानांचं. माझी बहीण प्रत्येक धड्याचा सारांश आधी मराठीत लिहायची, मग इंग्रजीत. तिला त्याचा फायदा झाला. समजणं मातृभाषेत आणि मांडणं इंग्रजीत, यात कमीपणा नाही.
* पाठांतराचा मोह. चयापचयाच्या साखळ्या पाठ करता येतात, पण टिकत नाहीत. ही पायरी का आहे, इथे ऊर्जा खर्च झाली की मिळाली, असं विचारत गेलं की चित्र लक्षात राहतं.
* गणित. ‘बायोलॉजी घेतलं, गणित सुटलं’ हा गैरसमज. द्रावणाची तीव्रता, आलेख, विकरांचा वेग, संख्याशास्त्र हे रोजचंच. गुणोत्तर-प्रमाण कच्चं असेल तर साधं बफर करतानाही अडतं. म्हणजे पाया आपल्याच वर्गात घातला जातो.
* हात. मायक्रोपिपेटने एक मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग, उचलायचा असतो. प्रयोग फसतात. आठवडाभराचं काम रिकाम्या जेलमध्ये संपतं. मग नोंदवही काढून कुठे बिनसलं ते शोधायचं. प्रामाणिक नोंद ठेवायची सवय इथे मार्कांपेक्षा मोठी ठरते.

५. वर्गात करता येईल असा उपक्रम : गुलबक्षीची नाणी

अनुवंश प्राथमिकच्या मुलांनाही कळतो. फक्त एक पथ्य पाळा. वर्गात सिकलसेलचं मूल असेल तर आजाराचं नाव घेऊन खेळ करू नका, सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. त्याऐवजी आपली अंगणातली गुलबक्षी घ्या. लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीचा संकर केला की गुलाबी फूल येतं. गुलाबीत लाल आणि पांढरा अशा दोन्ही सूचना असतात.

साहित्य : दोन नाणी, खडू, वही.

१. दोन्ही नाण्यांच्या एका बाजूला ‘ला’, दुसऱ्या बाजूला ‘पां’ लिहा. एक नाणं आईचं, एक वडिलांचं. म्हणजे दोन्ही पालक गुलाबी.
२. जोडीने नाणी उडवा. दोन्ही ‘ला’ आले तर लाल, दोन्ही ‘पां’ आले तर पांढरं, एकेक आलं तर गुलाबी.
३. १०० वेळा उडवून तक्ता भरा. साधारण २५ लाल, ५० गुलाबी, २५ पांढरी येतील. नेमकी येणार नाहीत आणि यावरही छान चर्चा होते.

मोठ्यांच्या सभेत हाच खेळ सिकलसेलचं नाव घेऊन करा. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे अहवालात ‘एएस’ असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ ‘एसएस’ म्हणजे रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि निरोगी असण्याची २५ टक्के. पुष्कळ पालकांना वाटतं, “पहिलं मूल आजारी झालं, आता पुढची तीन ठीक निघतील.” तसं नसतं. नाण्याला मागचा डाव आठवत नाही.

आणि वाहक म्हणजे आजारी नव्हे. वाहक व्यक्ती सहसा नेहमीचं आयुष्य जगते. लग्नाआधी दोघांची तपासणी झाली तर पुढचा निर्णय डोळसपणे घेता येतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करा.

६. शिक्षकांनी एवढं नक्की करावं

* पाण्याची बाटली बाकावरच असू द्या. शरीरात पाणी कमी झालं की पेशी जास्त वाकड्या होतात.
* लघवीला वारंवार जावं लागतं. विचारलं की सोडा, रागावू नका.
* कडाक्याची थंडी, भर उन्हातली कवायत, दमवणारी शर्यत टाळा. पण खेळातून पूर्ण बाजूला बसवू नका. गुण मोजणं, पंच होणं, हलका खेळ देता येतो.
* ताप, छातीत दुखणं, धाप लागणं, अचानक फिकटपणा किंवा हातपाय लुळे पडणं यांतलं काही दिसलं तर शाळा सुटायची वाट पाहू नका, लगेच पालकांना कळवा आणि दवाखान्यात न्या.
* शाळेत मिळणारी लोहाची गोळी या मुलांना डॉक्टरांना विचारूनच द्या. त्यांचं रक्त लोहाअभावी कमी झालेलं असतंच असं नाही.
* दुखण्यामुळे बुडालेला अभ्यास परत करून द्या. हजेरीवरून टोमणा नको.
* हा आजार शिवल्याने, सोबत जेवल्याने होत नाही, हे वर्गाला सहज बोलता बोलता सांगत राहा.

७. पालकहो, शिकवायचं का?

रोकठोक सांगते. बी.एस्सी.नंतर लगेच मोठ्या पगाराची खात्री हा विषय देत नाही. तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांचं एम.एस्सी. आणि संशोधनात जायचं तर पुढे पीएच.डी. असा हा लांबचा पल्ला आहे. औषध कंपन्यांतला गुणवत्ता विभाग, प्रयोगशाळा, अध्यापन हे मधले मार्ग आहेत. एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी विद्यापीठांच्या स्वतःच्या परीक्षांशिवाय आयआयटीची ‘जॅम’ आणि जैवतंत्रज्ञानाची ‘गॅट-बी’ या परीक्षा आहेत. सीएसआयआर-यूजीसी नेटमध्ये जेआरएफ मिळाली तर पीएच.डी. करताना पाठ्यवृत्ती मिळते. २०२३ पासून ती महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे अशी आहे. म्हणजे पुढचं शिक्षण घरावर ओझं होईलच असं नाही. पण ही परीक्षा सोपी नाही. तयारी एम.एस्सी.च्या पहिल्या दिवसापासून हवी.

मुलीला एवढं शिकवावं का, असा प्रश्न अजूनही कानावर येतो. त्यावर मी कमला सोहोनींचं नाव सांगते. लेखिका दुर्गा भागवत यांची ही बहीण. मुंबईतून बी.एस्सी. झाल्यावर १९३३ मध्ये त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून प्रवेश नाकारला गेला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अटींवर का होईना, प्रवेश मिळवला. दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केलं. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींतलं सायटोक्रोम-सी सापडलं. पेशीच्या श्वसनात भाग घेणारं हे प्रथिन. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. परत येऊन त्यांनी नीरेतल्या पोषणमूल्यांवर संशोधन केलं आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालक झाल्या. विषय तोच, बायोकेमिस्ट्री. दूध, डाळ, नीरा, बटाटा : सगळं आपल्या घरातलंच.

म्हणून ‘स्कोप किती’ एवढं एकच न विचारता आधी मुलाला-मुलीला विचारा, “तुला ‘का’ असा प्रश्न पडतो का? फसलेला प्रयोग परत करायचा कंटाळा येत नाही ना?” दोन्हींचं उत्तर समाधानकारक असेल, तर पाठीशी उभे राहा.

आपण पहिलीत मुलांना अक्षर ओळखायला शिकवतो. त्यांतलाच कुणी उद्या डीएनएची अक्षरं वाचेल. तोवर आपल्या वर्गातल्या त्या दमलेल्या मुलाला पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यायची, एवढं तर उद्यापासूनच करता येईल.

गुलबक्षीचा खेळ घेतलात तर तुमच्या वर्गात किती लाल, किती गुलाबी आली ते नक्की कळवा. आणि हा पाठ आवडला तर आपल्या केंद्रातल्या इतर शिक्षकांनाही वाचायला द्या.